बॅटरीवरचा टेम्पो: खर्च ठरतो रात्रीच्या मुक्कामी

बॅटरीवरची मालवाहू गाडी बघायला गेलेला माणूस विक्रेत्याला पहिल्यांदा विचारतो, ‘फुल चार्जला किती पैसे लागतात?’ विक्रेता म्हणतो, ‘दीडशे रुपये.’ हे उत्तर खोटं नसतं, पण तेवढ्यावर गाडी घेऊ नये. तीच बॅटरी महामार्गावरच्या वेगवान चार्जरवर भरली तर सव्वाचारशेच्या आसपास जातात, आणि तेवढ्या पैशांत सीएनजीचा टेम्पोही तेवढंच अंतर तोडतो. विजेची गाडी स्वस्त पडेल की महाग, हे गाडीच्या नावावर कमी आणि ती रात्री कुठे उभी राहते यावर जास्त ठरतं.

बारडोली, कडोदरा, व्यारा, सोनगड या पट्ट्यात भाजी, किराणा, दूध, कापडाचे गठ्ठे, पार्सलं वाहून पोट भरणाऱ्यांसाठी हा हिशेब मांडतो आहे. त्यांच्यात खानदेशातली मंडळी बरीच आहेत. कुणाचं घर सुरतेत उधना-लिंबायतला, कुणाची खोली बारडोलीत, आणि गाव नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडे. त्यांच्या घरात गाडी एकच असते, हप्ता तिच्यावर आणि चूलही तिच्यावर. म्हणून निर्णय कागदावर आकडे मांडूनच व्हायला हवा.

आधी किलोमीटर, मग युनिट

डिझेलच्या गाडीत आपण लिटरमागे किती किलोमीटर हे बघतो. इथे युनिटमागे किती किलोमीटर हे बघायचं. टाटांचा बॅटरीवरचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २०२२ साली आला तो २१.३ युनिटांची बॅटरी घेऊन. त्याचं प्रमाणित अंतर १५४ किलोमीटर. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, १८.४ आणि २१.३ युनिट अशा दोन बॅटऱ्यांत. जून २०२५ मध्ये टाटांनी एस प्रो आणला, त्यात १४.४ युनिट.

प्रमाणित अंतर चाचणीच्या ठरलेल्या पद्धतीतून येतं. कांद्याच्या गोणी भरून, कडोदऱ्याच्या गर्दीत थांबत थांबत, मे महिन्याच्या उन्हात तेवढं अंतर मिळेल असं धरून कुणाला माल पोचवायचा शब्द देऊ नका. २१ युनिटांच्या गाडीत थोडी बॅटरी शिल्लक ठेवून साधारण १८ युनिट वापरायला मिळतात असं समजा, आणि भरल्या गाडीला त्यात १०० किलोमीटर धरा. म्हणजे एका युनिटला साडेपाच किलोमीटर. तुमचा माल हलका असेल तर आकडा सुधारेल, पण हिशेब कमी बाजूने धरलेलाच बरा.

आता विक्रेते सहसा सांगत नाहीत ती गोष्ट. बॅटरीत १८ युनिट शिरायचे तर मीटरवर १८ पडत नाहीत. प्लगमधली वीज एसी असते, बॅटरीला डीसी लागते. हे रूपांतर करताना आणि बॅटरी भरताना काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. ही घट साधारण १० ते १५ टक्के असते. १२ टक्के धरली तर १०० किलोमीटरसाठी मीटरवर साडेवीस युनिट पडतात. तुम्ही पैसे भरता ते या साडेवीस युनिटांचे. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर हिशेब केलात तर महिन्याचं बिल हातात आलं की मेळ बसणार नाही. म्हणून चार्जिंगच्या प्लगसाठी एक वेगळा सब-मीटर बसवा. त्याचा खर्च किरकोळ आहे. रोज सकाळी निघताना त्याचं रीडिंग आणि गाडीचे किलोमीटर वहीत लिहा. महिनाभरात तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्याचा खरा आकडा हाती येतो, आणि तो कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचा असतो.

बारडोलीचं वीजबिल कसं वाचायचं

बारडोलीत वीज येते ती दक्षिण गुजरात वीज कंपनीची. जुनी माणसं अजून तिला जीईबी म्हणतात. सुरत शहराच्या बऱ्याच भागात टॉरेंट पॉवर आहे, तिचे दर वेगळे, म्हणून लिंबायतच्या भाच्याचं बिल बारडोलीच्या मामाला कामाचं नाही.

दर गुजरात वीज नियामक आयोग ठरवतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात केवळ विजेच्या गाड्या चार्ज करण्यासाठी घेतलेल्या लघुदाब जोडणीचा दर युनिटला ४ रुपये १० पैसे आणि स्थिर आकार महिन्याला फक्त २५ रुपये होता. दुकानाच्या १० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला युनिटला ४ रुपये ३५ पैसे, शिवाय किलोवॅटमागे महिन्याला ५० रुपये स्थिर आकार. घरगुती मीटरवर दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि महिन्याला २५० युनिटांच्या पुढे ५ रुपये २० पैसे होतो.

हे आकडे वाचून कुणी चार रुपयांनी हिशेब करू नये. प्रत्येक युनिटवर इंधन आणि वीजखरेदी समायोजनाचा वेगळा आकार लागतो. २०२४ च्या अखेरीस तो युनिटला २ रुपये ४५ पैसे होता. त्यावर वीजशुल्क. दर बदलत राहतात, म्हणून सर्वांत सोपी रीत अशी: बिलाची एकूण रक्कम घ्या, तिला एकूण युनिटांनी भागा. जे येईल तोच तुमचा दर. मी पुढच्या हिशेबात साडेसात रुपये धरतो.

साडेवीस युनिट गुणिले साडेसात, म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे १५४ रुपये. किलोमीटरला दीड रुपया आणि वर चार पैसे.

वेगळी जोडणी घ्यायची की आहे त्याच मीटरवर चालवायचं? गुजरातच्या दरपत्रकात स्पष्ट म्हटलं आहे की चार्जिंगचा खास दर फक्त त्याच कामासाठी असलेल्या जोडणीला मिळतो, आणि इतर ग्राहक आपल्या नेहमीच्या जोडणीवर त्याच वर्गाच्या दराने गाडी चार्ज करू शकतात. दुकान किंवा गोदाम असेल तर तिथल्या मीटरवर गाडी लावल्याने युनिटच्या दरात फारसा फरक पडत नाही, फक्त मंजूर भार पुरेसा आहे का ते बघा. घरच्या मीटरवर मात्र फरक पडतो. महिन्याला २५०० किलोमीटर म्हणजे ५१० युनिटांची भर. घरात आधीच २०० युनिट जळत असतील तर गाडीचे बहुतेक युनिट सर्वांत वरच्या टप्प्यात जातात, आणि वेगळ्या जोडणीच्या तुलनेत महिन्याला ५०० रुपयांच्या आसपास जास्त भरावे लागतात. शिवाय धंद्याची गाडी घरगुती मीटरवर चार्ज करण्याआधी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय’ पुढे तपासणीत उपयोगी पडत नाही.

वेगळी जोडणी मागायचा तुम्हाला हक्क आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून मालक गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागू शकतो. पूर्ण अर्ज दिल्यावर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी देण्याची मुदत आहे. अर्जावर जोडणीचा हेतू साफ शब्दांत लिहा. मिळाल्यावर त्या मीटरवर दुकानाचा फ्रीज किंवा घराची मोटर जोडू नका, ‘फक्त चार्जिंग’ ही अट तिथेच मोडते.

शेतीच्या मीटरला हात लावू नका

हे वेगळं आणि जोर देऊन सांगतो. बारडोलीच्या आसपास उसाचा मुलूख आहे, शेतात पंपाची जोडणी आहे, तिचा दर नगण्य आहे. गाडी शेताच्या कडेला उभी करून तिथूनच तार ओढायचा मोह होतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या कामासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वापर हा अनधिकृत वापर ठरतो, आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून सुरू होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची आकारणी लागू शकते. त्या एका नोटिशीत दोन वर्षांची बचत जाते. सख्ख्या भावाचं शेत असलं तरी नको.

प्लग, तार आणि रात्र

१६ अँपिअरच्या साध्या प्लगमधून ताशी सुमारे ३ युनिट ओढले जातात. साडेवीस युनिटांना सात तास लागतात. रात्री दहाला लावली तर पहाटे पाचला गाडी तयार. छोट्या मालकाला घरी महागड्या चार्जरची गरज सहसा पडत नाही.

पण सात तास सलग पूर्ण भार ओढणं हे इस्त्री किंवा मिक्सरसारखं नाही. जुन्या वायरिंगवर, एक्स्टेन्शन बोर्डावर हे करू नका. बोर्ड तापतो, प्लास्टिक वितळतं, आणि आग लागते ती घर झोपलेलं असताना. मीटरपासून प्लगपर्यंत वेगळी, चांगल्या जाडीची तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी, गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग, एवढं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पावसाळ्यात प्लगवर छप्पर हवं. गाडीच्या किंमतीपुढे हा खर्च काहीच नाही, आणि या खर्चात काटकसर केलेली मला अजिबात पटत नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं काय? गाडी रस्त्यावर उभी, प्लग घरमालकाचा. अशा वेळी रात्रीपुरती जागा आणि प्लग भाड्याने घ्या. जागामालकाने सब-मीटरवर युनिटला १२ रुपये मागितले तरी किलोमीटरला २ रुपये ४६ पैसेच पडतात. शिवाय जागेचे महिन्याला १००० रुपये दिले तर २५०० किलोमीटरवर ते ४० पैसे होतात. तरीही बेरीज तीन रुपयांच्या आत राहते. मालकाला ‘असं वीज विकणं चालतं का’ अशी धास्ती असेल तर सांगा, गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नसून सेवा आहे आणि त्याला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केला आहे. मात्र त्याची जोडणी कोणत्या वर्गातली आहे हे त्याने बघायलाच हवं.

ही जागा ठरल्याशिवाय गाडीचं बुकिंग करू नका.

वेगवान चार्जर: अडीनडीला, रोज नव्हे

सार्वजनिक वेगवान चार्जरचा दर कंपनी, जागा आणि वेळेनुसार बदलतो. बऱ्याच ठिकाणी तो युनिटला १५ ते २५ रुपयांमध्ये असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेवर जीएसटी नाही, पण चार्जिंग ही सेवा असल्याने इथे तो लागतो. मोबाइलवर दिसणारा दर करासह आहे की कराशिवाय, हे केबल लावण्याआधी वाचा. २० रुपये दर असेल तर करासह २३ रुपये ६० पैसे. डीसी चार्जरमध्ये रूपांतर यंत्रातच होतं, म्हणून घट इथे कमी मोजावी लागते. १८ युनिटांचे ४२५ रुपये. किलोमीटरला सव्वाचार.

आता शेजारी ठेवून बघा. डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला ५ रुपये. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २० किलोमीटर धरले तर ४ रुपये. घरी चार्ज केलेली विजेची गाडी दीड रुपयात चालते, आणि वेगवान चार्जरवर जगणारी सीएनजीपेक्षाही महाग पडते. वर रांग, आधीच्या गाडीची वाट, बंद पडलेलं यंत्र, हे वेगळंच. तुमच्या पंपावरचा आजचा भाव आणि तुमच्या जुन्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज यात घालून हा हिशेब पुन्हा करा. माझ्या आकड्यांपेक्षा तो तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

दिवसा चार्जिंग थोडं स्वस्त व्हावं अशी धोरणाची दिशा आहे. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर वेळेत सार्वजनिक केंद्रांना वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असं म्हटलं आहे. प्रत्यक्ष सूट केंद्रचालक ग्राहकापर्यंत पोचवतो का, हे त्याच्या अ‍ॅपवर दोन वेगवेगळ्या वेळी दर बघून कळतं. जीएसटी नोंदणी असेल तर पावतीवर आपला क्रमांक टाका आणि कराची वजावट मिळते का हे सीएला विचारा.

एका दिवसाचा रस्ता

बारडोली ते सुरत साधारण ३५ किलोमीटर. जाऊन-येऊन ७०, शहरातली फिराफिर २०-२५. रात्री एकदा चार्ज केलं की हा दिवस निघतो. या गाडीचं खरं काम हेच आहे. रोज तोच रस्ता, तेच अंतर, रात्री त्याच जागी मुक्काम.

नवापूरची गोष्ट निराळी. बारडोलीहून व्यारा, सोनगड करत नवापूर ७० ते ८० किलोमीटरवर आहे. जाणं होतं, परत येणं एका चार्जमध्ये भरल्या गाडीने जोखमीचं. सोनगडच्या पुढे डोंगर सुरू होतात, आणि नवापूर ओलांडून धुळ्याच्या बाजूला गेलात तर कोंडाईबारीचा घाट लागतो. चढावर युनिट भराभर संपतात. उताराला थोडी वीज बॅटरीत परत येते, पण चढाला गेलेली सगळी नाही. असा फेरा आठवड्यातून एकदा असेल तर नवापूरच्या व्यापाऱ्याकडे माल उतरेपर्यंत प्लग मिळेल अशी सोय आधी करून ठेवा. साध्या प्लगवर एका तासात सुमारे १५ किलोमीटरची भर पडते. रोजच नवापूर-धुळे करायचं असेल तर या आकाराच्या विजेच्या गाडीच्या भरीस पडू नका, सीएनजी बरा.

जास्त किंमत कधी वसूल होते

एस प्रो बाजारात आला तेव्हा पेट्रोलची गाडी ३ लाख ९९ हजारांना, पेट्रोल-सीएनजी ४ लाख ९९ हजारांना आणि विजेची ६ लाख ५० हजारांना होती. सप्टेंबर २०२५ मध्ये डिझेल-सीएनजीच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला. म्हणजे किंमतींमधलं अंतर वाढलं. जुन्या कोटेशनवर हिशेब करू नका, दोन्ही गाड्यांची आजची रस्त्यावरची किंमत लेखी मागा.

समजा २१ युनिटांची गाडी तेवढ्याच मालाच्या सीएनजीपेक्षा ३ लाखांनी महाग पडते. महिन्याला २५०० किलोमीटर आणि सगळं चार्जिंग मुक्कामी झालं, तर किलोमीटरला २ रुपये ४६ पैसे वाचतात, महिन्याचे ६१५० रुपये. ३ लाख निघायला ४९ महिने. निम्मं चार्जिंग बाहेर झालं तर बचत २७५० रुपयांवर घसरते आणि तेच ३ लाख निघायला नऊ वर्षं लागतात. गाडी दिवसाला ५० किलोमीटरच चालत असेल तर मुक्कामी चार्ज करूनही आठ वर्षं. कमी धावणाऱ्या माणसाला विजेची गाडी परवडत नाही, हे मी अनेकदा सांगतो आणि लोकांना ते उलटं वाटतं. पण जास्तीची किंमत धावलेल्या किलोमीटरांतूनच भरून निघते. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच हा खर्च विजेच्या गाडीत नाही, तो वाचतो. उलट बॅटरीच्या वॉरंटीच्या अटी वाचायला हव्यात, विशेषतः वेगवान चार्जिंगबद्दल कंपनी काय म्हणते ते.

स्वतःचं घर आणि मोकळं छत असणाऱ्याने सौर पॅनेलचा विचार जरूर करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला केंद्राचं ७८ हजार रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटमधून दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. गाडी दिवसा बाहेर असली तरी नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्रीच्या वापरात वळती होते. हे अनुदान घरगुती जोडणीला आहे, गाडीच्या वेगळ्या जोडणीला नाही. त्यामुळे कोणत्या मीटरवर काय बसवायचं हे दोन्ही अर्ज करण्याआधी ठरवा.

भाडं ठरवताना

बॅटरीची गाडी दारात दिसली की व्यापारी म्हणतो, ‘तुला तर डिझेल लागत नाही, भाडं कमी कर.’ आणि नवा मालक दीड रुपयाचा आकडा डोक्यात ठेवून कमी करून बसतो. इथे गडबड होते. ते जास्तीचे ३ लाख ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले असतील तर महिन्याचा जादा हप्ता सुमारे ६५०० रुपये होतो. २५०० किलोमीटरवर तो किलोमीटरला २ रुपये ६० पैसे. विजेचे दीड रुपये मिळवले की चार रुपयांच्या थोडं वर जाता, म्हणजे जवळपास सीएनजीवाल्याच्याच खर्चात. हप्ते फिटेपर्यंत तुमच्याकडे सूट द्यायला पैसे नाहीत. ही बेरीज कागदावर लिहून गाडीत ठेवा आणि व्यापाऱ्याला दाखवा.

तो फारच अडून बसला तर पैशांऐवजी प्लग मागा. माल उतरवायला दोन तास लागतात, तेवढा वेळ त्याच्या गोदामातल्या १६ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावू द्यावी. त्याला सहा युनिटांचा, म्हणजे ४५-५० रुपयांचा खर्च येतो, तुम्हाला जवळपास ३० किलोमीटर मिळतात आणि त्या दिवशी वेगवान चार्जरकडे वळावं लागत नाही. करार लेखी असेल तर ही अट त्यात घाला, आणि त्या प्लगचं अर्थिंग तपासून घेतल्यावरच सही करा.